पट्टी

मी हात बांधतो. धंदाच तो माझा.
गॉझ, टेप, बोथट टोकाची कात्री.
एकोणीस वर्षं लढवय्ये माझ्यासमोर
बोटं फाकून बसतात,
कासारापुढे बसावं तसे.

जुरांदिरचे हात पहिल्यांदा बांधले बेलेंमध्ये,
मासळीबाजारामागच्या हॉलात.
पेरापेरांवर गाठी,
जाड कापडाच्या कॉलरी धरून धरून आलेल्या.
मुठीचा माथा मात्र कोरा करकरीत,
कधी कुणावर उगारलाच नसावा असा.
म्हणाला, सैल बांधा आमादेउकाका,
बोटांना श्वास घेऊ द्या.

त्याला सुकुरी म्हणायचे,
आमच्या नदीतल्या अजगराच्या नावानं.
तो मारायचा नाहीच.
दमलेल्या पाहुण्याला आत न्यावं
तसा समोरच्याला खाली न्यायचा,
आणि मग निवांत, घाई न करता,
त्याच्या छातीतली हवा मोजून काढून घ्यायचा.
अकरा लढती.
अकरा वेळा परका तळवा चटईवर थापटला :
पुरे, बाबा, पुरे.

पण तिकिटं काढून आलेल्यांना
हवा संपताना दिसत नाही.
लोक शिट्ट्या मारत, पॉपकॉर्न फेकत.
वेगासच्या त्या मॅनेजरनं हिशेब मांडला :
मिठीला कोण पैसे देतं?
उभा राहा. रक्त दाखव.

मग रॉटरडॅम. सात महिने.
तिथल्या थंडीत तो पाय उचलायला शिकला,
खांद्याआड हनुवटी लपवायला शिकला,
आणि परत आला तो कातीव, देखणा,
भाड्याच्या सुटातला नवरदेव.

मी त्याच्या पराभवांना दोष देत नाही.
दोष त्या पहिल्या विजयाचा.
अडतीस सेकंद, एक आंधळा उजवा हात,
आणि समोरचा दाणकन खाली.
त्या रात्री हॉल उभा राहिला होता,
आणि हॉल उभा राहिलेला ज्यानं एकदा पाहिला
त्याला जमीन पुन्हा गोड लागत नाही.

त्यानंतर तीन हरला. नाक दोनदा मोडलं.
मुठीवर आता हाडाची टेकाडं आली,
पट्टी बसायची नाही धड.
घट्ट बांधा काका, म्हणायचा, अजून घट्ट.

आणि परवाची लढत.
दुसऱ्या फेरीत तो पोलिश पोरगा घसरला,
पाठीवर पडला, उघडा,
फणसासारखा चिरून ठेवलेला.
मी कोपऱ्यातून पाहिलं :
जुरांदिरचे गुडघे आपसूक वाकले.
देवाशपथ, वाकले.
खांदे पुढे झाले, बोटं मिटायला लागली,
आख्खी नदी त्याच्या अंगात वळली...

आणि त्यानं स्वतःला ओढून सरळ केलं.
दोन पावलं मागे. हातानं खूण :
ऊठ. उभा राहून लढू.

टाळ्या! काय टाळ्या पडल्या!
मी टॉवेलात तोंड घातलं.
तिसऱ्या फेरीत तोच पोरगा
आणि तोच जुना गुळगुळीत डावा हूक,
जुरांदिर कापलेल्या दोरासारखा खाली.
जमिनीवरच पडला शेवटी.
पण आता तिनं ओळख दिली नाही.

ड्रेसिंग रूममध्ये मी पट्टी कापत होतो.
डॉक्टर विचारत होते, शहर कुठलं, वार कुठला.
तो म्हणाला, बेलें. शनिवार.
शहर चुकलं होतं. वार बरोबर.

उजवा हात मोकळा झाला आणि
त्याच्या नकळत,
भिंतीवरच्या घड्याळाकडे तो बघत असतानाच
बोटं माझ्या मनगटाभोवती आली.
आधी करंगळी. मग बाकीची, एकेक.
जोर नव्हता त्यात. नुसती जागा ठाऊक होती.

मी हात सोडवून पाहिला.
सुटेना.
मग तसाच बसून राहिलो,
कात्री डाव्या हातात धरून,
बाहेर पुढच्या लढतीची घोषणा होईतो.